आठ वाजता न आलेली उसळी

एका रविवारी संध्याकाळी आठ वाजता कोकणातली लाखो माणसं एकदम उठून स्वयंपाकघरात जायला हवी होती. ती गेली नाहीत, आणि तेवढ्यामुळे सगळा किनारा अंधारात बुडायची वेळ आली. माणसं जागची हलली नाहीत म्हणून दिवे का जावेत? हे कोडं अकरा वर्षांच्या शाल्मलीच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं, आणि ते सुटलं तेही तिच्यामुळेच.

शाल्मलीची आत्या वैजयंती चिपळूणजवळच्या टेकडीवरच्या वीज-नियंत्रण केंद्रात अभियंता होती. कोकणाचं स्वतःचं वीजजाळं उभं राहून तेव्हा दहा वर्षं झाली होती. समुद्रातल्या पवनचक्क्या आणि सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळी माळांवरची, सौरपटलं वीज बनवत. दुपारी जास्तीची वीज वापरून खालच्या तळ्यातलं पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवून ठेवत आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करत. घराघरांतून गॅस गेला होता. स्वयंपाक आता विजेच्या शेगडीवर होई.

त्या रविवारी ‘तरीवरचं घर’ या मालिकेचा शेवटचा भाग होता. तर म्हणजे होडीतून नदी ओलांडायची जागा. तिथं होडी चालवणाऱ्या भागोजी तात्यांची ही गोष्ट नऊ वर्षं दर रविवारी सात ते आठ चालली होती. शेवटच्या भागात नदीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन होणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी घरात लग्न असल्यासारखी तयारी केली होती. देवळांच्या सभामंडपात मोठे पडदे लागले होते. दापोलीच्या एका कोळ्यानं तर आपल्या नव्या होडीचं नावच ‘तात्या’ ठेवलं होतं.

शाल्मलीला मात्र तो भाग बघायचा नव्हता. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिचे बाबा वारले. मालिका ती त्यांच्याबरोबर बघायची. जाहिराती लागल्या की बाबा उठून चहा टाकत, आणि भाग संपला की पुन्हा एकदा टाकत. बाबांबरोबर सुरू केलेली ही एकच गोष्ट अजून चालू होती, आणि आज तीही संपणार होती. म्हणून आई शेजारणींबरोबर टीव्हीसमोर बसली तेव्हा ती आत्याबरोबर केंद्रावर निघून आली. आत्यानं आईला सांगितलं होतं की, आज दुसरं कुणी नाही, मलाच जावं लागणार. पण केंद्राच्या दारात एका माणसानं आत्याचे आभार मानले. त्याची पाळी तिनं मागून घेतली होती. शाल्मलीनं ते ऐकलं आणि ती आत्यामागून आत गेली.

नियंत्रण कक्षात भिंतभर पडदा होता. त्यावर कोकणाचा नकाशा, आणि त्याखाली एक आकडा: ५०.००. तो मधूनच ४९.९८ होई, मधूनच ५०.०१. आत्याची नजर सारखी त्याच्याकडे जात होती. शाल्मलीनं विचारलं की हा आकडा कसला.

आत्या म्हणाली की वीज धान्यासारखी पोत्यात भरून ठेवता येत नाही. साठवायची तर तिचं दुसरं काहीतरी करावं लागतं, जसं डोंगरावर चढवलेलं पाणी. तारेतून जाणारी वीज मात्र ज्या क्षणी बनते त्याच क्षणी वापरली जावी लागते. म्हणून बनणारी वीज आणि भार (त्या क्षणी सगळ्या घरांत आणि कारखान्यांत मिळून वापरली जाणारी वीज) यांचा तोल सतत सांभाळावा लागतो.

“तू सायकल चालवते आहेस आणि मी मागे उडी मारून बसले, तर काय होईल?” आत्यानं विचारलं.

शाल्मली म्हणाली की सायकल जड होईल, वेग कमी होईल.

“आणि मी एकदम उतरले तर?”

तर पायडल हलकं होऊन सायकल पुढे पळेल.

वीज बनवणाऱ्या यंत्रांचंही तसंच असतं, आत्यानं समजावलं. पाण्याच्या जोरावर एक मोठं चाक फिरतं आणि वीज तयार होते. ती तारेत एकाच दिशेनं वाहत नाही, पुढे-मागे झोके घेते. सेकंदाला पन्नास झोके. हीच तिची वारंवारता (एखादी गोष्ट सेकंदाला किती वेळा घडते ती संख्या). भार वाढला की चाकं मंदावतात आणि आकडा पन्नासाच्या खाली येतो. भार कमी झाला की चाकं जोरात फिरतात आणि आकडा वर जातो. फार खाली गेला तरी वाईट, फार वर गेला तरी वाईट.

मग तिनं शाल्मलीला मापाड्याची ओळख करून दिली. मापाडी म्हणजे केंद्रातला संगणक. पुढच्या तासाला किती वीज लागेल याचा अंदाज तो आधीच सांगे, म्हणून सगळ्यांनी त्याला ते नाव दिलं होतं. नऊ वर्षांच्या सगळ्या रविवारांच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. त्यानं त्या पडद्यावर मांडल्या. प्रत्येक रेघ सात वीसला उंच उसळत होती आणि आठला त्याहून उंच.

“जाहिराती लागल्या की माणसं उठतात,” मापाडी त्याच्या सपाट आवाजात म्हणाला. “शेगड्या लागतात, दिवे लागतात, पंप सुरू होतात. आज आठ वाजून एक मिनिटानं अडीचशे मेगावॉटची उसळी येईल.”

एवढी वीज ऐन वेळी उभी करता येत नाही. पाण्याचं यंत्र पूर्ण जोरात यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. म्हणून दर रविवारी आठच्या थोडं आधी पाणी सोडायला सुरुवात होई. मापाडी सुचवे आणि पाळीवरचा अभियंता हुकूम देई. हुकूम माणसानंच द्यायचा, असा तिथला नियम होता.

शाल्मली त्या उसळ्यांकडे बघत राहिली. या लाखो चहांमध्ये बाबांचाही एक चहा होता, हे तिच्या लक्षात आलं. आत्यालाही ते ठाऊक असणार, कारण ती पडद्याकडे न बघता कागद चाळत होती.

आठला पाच मिनिटं असताना शाल्मली पाणी प्यायला खाली गेली. दारावरचे पहारेकरी पेडणेकर काका खुर्चीत बसून फोनवर शेवटचा भाग बघत होते. ती पाणी पिऊन परतली तोवर भाग संपला होता. फोनवर नावं सरकत होती आणि काका तसेच त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. शेजारी थर्मास होता, कप होता, पण त्यांनी चहा ओतला नव्हता. तिनं विचारलं, काय झालं.

“तात्या गेले गं,” काका म्हणाले. “पुलावरनं पहिली गाडी गेली ती बघितली, होडीत जाऊन बसले, आणि तिथंच गेले.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत. हातही हलवला नाही.

शाल्मली वर आली तेव्हा आत्या उभी होती. पडद्यावर ५०.१८ होतं. बघता बघता ५०.२४ झालं. दोन यंत्रांचं पाणी आधीच सुटलं होतं, वीज वाढत चालली होती, आणि उसळी आलीच नव्हती. सायकलवरून कुणीतरी उतरलं नव्हतं. कुणी बसणार म्हणून जोर लावला होता, आणि ते बसलंच नव्हतं.

“थांबावं,” मापाडी म्हणाला. “चारशे सदुसष्ट रविवारांत उसळी आली नाही असं एकदाही झालेलं नाही. उशीर झाला आहे. ती येईल.”

आकडा ५०.३१ झाला. ५०.५च्या वर गेला की पवनचक्क्या स्वतःला वाचवण्यासाठी वीजजाळ्यातून आपोआप सुटतात, हे आत्यानं मघाशीच सांगितलं होतं. त्या सगळ्या एकदम सुटल्या की एका क्षणात वीज कमी पडते, चाकं मंदावतात, मग दुसरी यंत्रंही एकामागून एक बंद होतात, आणि सगळीकडे अंधार. पण आत्ता पाणी तोडलं आणि नेमकी तेव्हाच उसळी आली, तरी अंधारच. आत्याचा हात बटणाजवळ थांबला होता.

“आत्या, कुणी उठणार नाही,” शाल्मली म्हणाली. “तात्या गेले.”

आत्यानं वळून पाहिलं.

“बाबा गेले तेव्हा आपल्या घरात चूल पेटली नव्हती. तीन दिवस शेजारच्यांनी जेवण आणलं. तसंच आहे हे. सगळ्यांच्याच घरात.”

आत्यानं एकदा पडद्याकडे बघितलं आणि मग दोन्ही यंत्रांचं पाणी तोडायचा हुकूम दिला. आकडा ५०.४२पर्यंत चढला, तिथं घुटमळला, आणि हळूहळू खाली येऊ लागला. ५०.२०. ५०.०९. ५०.००.

उसळी आली नाही. आठ पाचला नाही, आठ दहालाही नाही. सावंतवाडीपासून पालघरपर्यंत लाखो घरांत माणसं न उठता बसून राहिली होती. भिंतीवरची रेघ सरळ पडून होती. एवढ्या माणसांचं दुःख एका रेघेत दिसतं, असं शाल्मलीला आधी कुणी सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

मापाड्याला घटनेची नोंद करायची होती. त्यानं विचारलं की कारण काय लिहू. त्याच्या यादीत बिघाड होता, वादळ होतं, सुट्टी होती.

“दुखवटा,” आत्या म्हणाली.

“हा शब्द माझ्याकडे नाही.”

“आता ठेव.”

मग ती खुर्चीत बसली. शाल्मलीनं विचारलं की मापाड्याला कसं कळलं नाही. आत्यानं सांगितलं की तो झालेल्या गोष्टींवरूनच पुढचं सांगतो, आणि असा रविवार याआधी झालाच नव्हता. मग भिंतीवरच्या रेघेकडे बघत ती म्हणाली, “रविवारी माझी पाळी असली आणि ती उसळी आली की मी मनात म्हणायचे, दादानं चहा टाकला. तो गेल्यावरही उसळी तेवढीच येत राहिली. एका घराचा चहा कमी झाला, तर या पडद्यावर दिसतसुद्धा नाही. मला त्याचा फार राग आला होता.”

शाल्मली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. आत्यानं तिला कुशीत घेतलं. दोघी रडल्या.

आठ चोवीसला रेघ जराशी वर आली. उसळी नव्हती ती. कुठंतरी एक शेगडी लागली असेल, मग दुसरी. चढ इतका सावकाश होता की आत्यानं यंत्रंही सावकाश सुरू केली, आणि आकडा पन्नासावरून हललाही नाही. शाल्मलीनं विचारलं की सगळं नेहमीसारखं व्हायला किती वेळ लागेल.

“ते सांगता येत नाही,” आत्या म्हणाली. “जो तो आपापल्या वेळी उठतो. आपण पाणी तयार ठेवायचं.”

नऊला पाळी संपली. घरी आई अजून तशीच बसली होती, शेजारणी गेल्या होत्या. आत्यानं पिठलं-भात केला. जेवणं झाल्यावर शाल्मली स्वतःच म्हणाली की मला तो भाग बघायचा आहे. तिघींनी तो पहिल्यापासून बघितला. शेवटी नावं सरकू लागली तेव्हा आईनं टीव्ही बंद केला नाही, आणि तिघींपैकी कुणीही उठलं नाही.

पुढच्या महिन्यात केंद्रानं ठरवलं की मापाड्यानं नुसत्या जुन्या नोंदींवर विसंबायचं नाही. जी घरं राजी असतील अशी हजारभर घरं निवडायची, आणि तिथल्या शेगड्या खरोखर लागतात का हे त्या त्या क्षणी बघत, आधी सोडलेलं थोडं पाणी वाढवायला किंवा तोडायला सांगायचं. काम वर्षभराचं होतं. आत्यानं शाल्मलीला विचारलं की सुट्टीत रविवारी येशील का मदतीला. माणसं कधी उठतात आणि कधी उठत नाहीत, हे मापाड्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

शाल्मली हो म्हणाली. मापाड्याच्या कारणांच्या यादीत आणखी कोणकोणते शब्द घालावे लागतील, ते ती त्याच संध्याकाळी वहीत लिहायला बसली.