निळी बाबागाडी

या पेजवर बरेच जण आधी देवाची शपथ घेतात. मी घेणार नाही. जी बाई खोटं बोलून स्वतःच्याच भावाच्या घरात संकट आणते, तिच्या शपथेला काय किंमत?

पण पुढं लिहिलंय ते सगळं माझ्यासमोर घडलंय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही हसायचे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

तारीख १९ नोव्हेंबर २०२२, शनिवार. ठिकाण भिलाई टाउनशिपमधला एक क्वार्टर. नंबर मुद्दाम देत नाही, तिथं आता दुसरी माणसं राहतात.

मी प्राची. सासर दुर्गला, बोरसीत. माहेर भिलाईचं. आजोबा अमरावतीहून स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले आणि इथलेच झाले. आता माझा मोठा भाऊ सुजयदादा प्लांटमध्ये आहे. आई त्याच्याकडेच असते. दादाला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला. त्या सात वर्षांत मधुवंती वहिनीनं काय काय सोसलं ते मी पाहिलंय. दोनदा तर दवाखान्यात तिचा हात धरून मीच बसले होते.

बाळाचं नाव ठरलं होतं अद्वैत. बारशाला ते कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बाबागाडीही मीच देणार होते.

सुपेला बाजारातल्या दुकानातून मी तीन बाबागाड्यांचे फोटो आईला पाठवले. लगेच तिचा फोन.

"नवीन कावून पाहून राहिली वं? बाळाची पहिली वस्तू जुनी लागते. अन् जुनी म्हणजे कोणाचीही नाही. नांदत्या लेकराची. ते लेकरू धडधाकट पाहिजे."

"आई, ये सब कौन मानता है अब?"

"मी मानतो ना! सात वर्षांनी झालं हे. आणि दुकानात रिकामी ढकलून पाहू नको. पाळणा असो का गाडी, रिकामी हलवत नसतात."

चरफडत बाहेर पडले. आमच्याकडे कोणी रिटायर झालं की क्वार्टर सोडावा लागतो. मग सोफा, कूलर, कुंड्या, सगळं टाउनशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. त्या दिवशी ग्रुपवर दोन बाबागाड्या होत्या. घर गीता काकूंचं. यवतमाळकडचे, काका नुकतेच रिटायर झालेले.

दुपारी दोनला मी त्यांच्या व्हरांड्यात उभी होते.

एक गाडी लाल. कापड विटलेलं, एका चाकाचं रबर निघालेलं, हँडलवर चिकट बोटांचे डाग, खालच्या टोपलीत बिस्किटाचा चुरा.

दुसरी निळी. कोरी करकरीत. गादीला सुरकुतीसुद्धा नाही.

"लाल ने," काकू म्हणाल्या. "माझे दोन नातू वाढले हिच्यात. आता नागपूरले स्केटिंग करून राहिले."

"आणि ही निळी?"

काकू पदरानं लाल गाडीचं हँडल पुसू लागल्या.

आतून काका आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "निळी पाहिजे असंन तर ने पोरी. तशीच ने."

"तुम्ही चूप बसा हो!" काकू त्यांच्यावर खेकसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "लाल ने बाई. माझं ऐक."

आता खरं सांगते. मला तेव्हाच कळलं होतं.

जुन्या गाडीची गादी इतकी कोरी का, हे न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. फक्त एक प्रश्न विचारायचा होता. हिच्यातलं लेकरू कुठाय? पण विचारलं असतं तर लाल घ्यावी लागली असती. आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचं रायपूरचं माहेर बारशाला येणार होतं. त्यांच्यासमोर ते चिकट लाल खटारं ठेवून मला माझं नाक कापून घ्यायचं नव्हतं.

मी निळी घेतली.

गेटपर्यंत ढकलत नेली. रिकामीच.

आणि ती... जड होती.

चाकं छान फिरत होती. तरी जड. आत कोणी निजलेलं असलं की असते तशी. गेटाशी वळून पाहिलं तर काकू व्हरांड्यात हात जोडून उभ्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. गाडीकडे बघत होत्या.

दादाच्या घरी आईनं पहिला प्रश्न तोच विचारला. "कोणाची वं? लेकरू कसं आहे?"

"दोन नातू वाढले हिच्यात. आता स्केटिंग करतात."

"एवढी कोरी कशी मग?"

"जपून वापरली त्यांनी."

आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं. मी बघत उभी राहिले. जीभ झडली नाही माझी.

रविवारी बारसं. दादाच्या क्वार्टरच्या छताला पाळणा टांगायला हूक नव्हता. म्हणून निळ्या गाडीची पाठ आडवी केली, झेंडूच्या माळा लावल्या आणि तिचाच पाळणा केला. वहिनीची आई म्हणाली, "मस्तच आहे हो गाडी." माझी मान ताठ झाली.

आमच्याकडे पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. त्याला कुंची घालतात, झोका देतात. पाळणा रिकामा हलू नये म्हणून. मग बाळ. मग आत्या वाकून कानात नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात.

आईनं लाल कुंचीतला वरवंटा गाडीत ठेवला. बायका गाऊ लागल्या, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..." हसणं, गोंधळ, मोबाईल वर धरलेले. "चला आत्याबाई!" कोणीतरी मला पुढं ढकललं.

मी वाकले. गाडीचं छत पुढं ओढलेलं होतं. आत अंधारलेलं. पांढऱ्या कुंचीची कड दिसली. ती बोटानं सारली.

इवलासा कान.

मी ओठ टेकवले. कान गार होता... फ्रिजमधल्या लोण्यासारखा गार आणि मऊ.

"कुर्रर्र... अद्वैत."

पाठीत बुक्के बसत होते. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं तोंड माझ्या गालाकडं वळवलं. मला भरून आलं. माझा भाचा मला ओळखतो, असं वाटलं.

"अहो प्राचीताई, थांबा ना!"

आवाज मागून आला. वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

बाळ तिच्या हातात होतं.

"यानं दूध ओकलं, कपडे बदलून राहिली होती मी."

बायका खो खो हसल्या. "आत्यानं वरवंट्याचंच नाव ठेवलं बाप्पा!"

मीही हसले. हसत हसत वरवंटा काढायला आत हात घातला.

वरवंटा आईच्या हातात होता. लाल कुंचीसकट. तिनं तो कधीच बाहेर घेतला होता.

गाडी... रिकामी होती.

गादीच्या मधोमध एक खळगा होता. एवढासा. माझ्यादेखत तो हळूहळू वर आला आणि गादी सपाट झाली.

बाळाला त्या दिवशी पिवळी कुंची होती. पांढरी कुंची त्या घरात कोणाचीच नव्हती.

मी पुन्हा नाव सांगितलं, खऱ्या कानात. बाळ असं किंचाळलं की वहिनीच्या आईनं माझ्या हातून ते ओढूनच घेतलं.

मंगळवारी मी गीता काकूंकडे धावले. क्वार्टर रिकामा, आत चुना मारणं चाललेलं. व्हरांड्यात ती लाल गाडी तशीच उभी. कोणीच नेली नव्हती. शेजारच्या तारा आंटी कपडे वाळत घालत होत्या.

"उनकी बेटी का बच्चा था," त्या म्हणाल्या. "ग्यारह दिन का. अगले दिन नामकरण था, मेहमान भी आ गए थे. उसी गाड़ी में सोया... फिर उठा नहीं. नाम भी नहीं मिला बेचारे को."

नाव मिळालं होतं त्याला. मी दिलं होतं.

मी हे कोणालाही सांगितलं नाही. दादाला नाही, आईला नाही, माझ्या नवऱ्याला, अनिमेषलाही नाही. सांगितलं तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. माझी अब्रू मला बाळापेक्षा मोठी वाटली. वाचा आणि शिव्या घाला.

पुढचे महिने फार वाईट गेले. बाळ अंग धरेना. दूध प्यायचं, पण वजन जागचं हलायचं नाही. टाळी वाजवली की बघायचं. "सोन्या" म्हटलं की हसायचं. पण "अद्वैत" म्हणून हाक मारली की ढुंकून पाहायचं नाही.

कोपऱ्यातल्या गाडीचा ब्रेक तेवढा वाजायचा.

टक्...

आणि गाडी बोटभर पुढं यायची.

रायपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले. ठणठणीत. दादा आधी हसण्यावारी न्यायचा. मग हसायचा बंद झाला. एका सकाळी त्यानं गाडी उचलली आणि खुर्सीपारच्या भंगारवाल्याकडे टाकून आला. तासाभरात बाळ निळं पडलं. श्वास लागेना. वहिनी ओरडली, "गाडी आणा! आधी गाडी आणा!" आईचं काळीज असतं ते, तिला कोणी सांगावं लागत नाही. दादानं स्कूटरला बांधून गाडी परत आणली. तिची चाकं उंबऱ्याच्या आत आली आणि बाळानं श्वास घेतला.

तेव्हापासून वहिनी माझ्याकडे एकटक बघायची.

५ जानेवारी २०२४ ला मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी जायला मी साफ नकार दिला. खरं कारण कोणाला कळलं नाही. मग आईच बोरसीला आली. मुलगी आठ दिवसांची झाली तेव्हा आई एकदा भिलाईला जाऊन येते म्हणाली. आज सकाळी रिक्षातून परत आली. तोंडभर हसत.

"पाय, तुह्या वहिनीनं आठवणीनं काय पाठवलं! म्हणाली, प्राचीताईच्या लेकीसाठी तुम्ही आपल्या हातानं न्या. मी म्हटलं, नेतो ना!"

हॉलमध्ये निळी गाडी उभी होती. नवीन चादर घातलेली.

मी मोबाईल घेऊन बाथरूममध्ये गेले. वहिनीला फोन लावला.

"पोचली का गाडी?" तिचा आवाज अगदी शांत.

"वहिनी, ही कशाला पाठवली?"

"जुनी वस्तू लागते ना बाळाले. आणि परक्याची थोडीच आहे? तुमच्या भाच्याची आहे."

मी रडायला लागले. ती थांबली. माझं रडणं ऐकत राहिली.

"ग्रुपवर गीता काकूंचा नंबर भेटला मले," मग म्हणाली. "त्या म्हणाल्या, ती गाडी फेकून जात नाही. दुसऱ्या लेकरासाठी म्हणून द्या लागते, अन् घेणाऱ्यानं हातात घ्या लागते. त्यांनी तुमाले लाल ने म्हणून सांगितलं होतं, प्राचीताई. दोन वेळा सांगितलं होतं."

"वहिनी, माझी मुलगी दहा दिवसांची आहे..."

"माहा पोरगा चौदा महिन्यांचा आहे. उभा नाही राहत अजून."

मग तिनं फोन तोंडापासून दूर धरला आणि हाक मारली.

"अद्वैत!"

तिकडून आवाज आला. "आँ?"

चौदा महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं ओ दिली. वहिनी हुंदके देऊन रडायला लागली आणि फोन बंद झाला.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा भाचा आहे तो. पण मी थंड फरशीवर बसून एवढाच विचार करत होते की त्याचं नाव त्याला परत मिळालं. म्हणजे गाडीतलं ते... आता पुन्हा बिननावाचं आहे.

माझ्या मुलीचं बारसं परवा आहे.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. दुपारपासून मनातसुद्धा घेतलेलं नाही. नणंद उद्या येतेय, नाव कानात सांगायला. तिनं मघाशी फोनवर विचारलं, "पाळण्याची सोय काय केली?" आई म्हणाली, "गाडी आली ना घरची!"

आत्ता हॉलमध्ये कोणी नाही. मी दारातून बघितलं. नवीन चादरीच्या मधोमध खळगा आहे. एवढासा.

बारा वाजता मी ग्रुपवर फोटो टाकला. "निळी बाबागाडी. उत्तम स्थितीत. हवी असल्यास तशीच न्यावी."

जामुलच्या एका बाईचा मेसेज आला. नीतू नाव. तिच्या बहिणीला परवा मुलगा झालाय. माझ्यासारखी गप्प बसणारी नव्हती ती. तिनं सरळ विचारलं, "ताई, हिच्यातलं बाळ कसं आहे?"

मी बराच वेळ टाइप केलं आणि खोडलं. आत मुलगी झोपेत कण्हली.

मी लिहिलं, "दोन मुलं वाढली हिच्यात. आता धावतात."

चार वाजता येते म्हणाली. आता चारला पाच कमी आहेत, आणि गेटाशी एक रिक्षा थांबलीय.