वैऱ्याचे आठ गळे

शनिवारच्या बैठकीत दोन फोटो दाखवायचे होते: नदीतल्या पाणमांजराचा आणि टेकडीवरच्या सिस्किनचा, म्हणजे बोटाएवढ्या लाल गाणाऱ्या पक्ष्याचा. नाही दाखवले, तर नदी बाहेरच्या जाळ्यांना मोकळी आणि टेकडी पिंजरेवाल्यांना! रुपुनुनी नदीकाठच्या माळावरून आम्ही तिघं निघालो: होरेस मास्तर, माझा दीर एसाफ आणि गावसभेची कागदपत्रं लिहिणारी मी.

पहिल्याच दिवशी आठ पाणमांजरं कॅमेऱ्यात सापडली. होडीत एसाफनं बैठकीसाठी केलेला माझा तक्ता वाचला आणि उखडला.

"दोघांपुढे 'धोक्यात'? हे सहा फुटी धूड रोज माझे मासे गिळतं, वहिनी. तो बिचारा गातो!"

"एक सस्तन, मांसाहारी गणातलं. दुसरा पक्षी, फिंच कुळातला," मास्तर म्हणाले. "वर्ग वेगळे, धोका सारखाच."

"एकाला आपण रागानं मारतो, दुसऱ्याला लाडानं कोंडतो," मी म्हटलं. "दोन्हीकडे आकडा घटतोच."

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी कमरेएवढं वाळलं गवत लागलं. आमच्याकडच्या पुरुषांचे हात असं गवत दिसलं की शिवशिवतात. कुणाला न विचारता एसाफनं काडी ओढली.

"साप असतात," तो म्हणाला.

वारा फिरला. जाळ टेकडीकडे वळला. कॅमेऱ्याची पिशवी एका बाजूला, सिस्किनची झाडी दुसरीकडे. मास्तर पिशवीकडे धावले.

"पिशवी सोडा!" मी ओरडले. "झाडी!"

ओल्या फांद्या तोडल्या. झोडपलं. पाय भाजले. पुन्हा झोडपलं. झाडीच्या तोंडाशी जाळ विझला. कॅमेऱ्याचा मात्र गोळा झाला होता.

शनिवारी बैठकीत वन्यजीव खात्याच्या साहेबांनी हात झटकले. "फोटो नाही, तर काय मानायचं?"

एसाफनं कोळसा घेतला आणि माझ्या तक्त्याच्या पाठीवर आठ गळे काढले. प्रत्येक पाणमांजराच्या गळ्यावरचा पांढुरका डाग निराळा असतो.

"हा म्हातारा. हिनं माझी दोन जाळी फाडली. हा तिचा दिवटा."

साहेबांनी गेल्या वर्षीच्या पाहणीतले फोटो काढून ताडून पाहिले. सहा गळे जुळले. नदी बाहेरच्या जाळ्यांना बंद झाली.

"आणि सिस्किन?" साहेबांनी विचारलं.

"लाल. डोकं काळं."

"तो नर. मादी कशी?"

एसाफनं कोळसा खाली ठेवला. टेकडीचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्यानंतर चार दिवस तो नदीवर फिरकला नाही. मी कसाव्याचा रवा आणि सुकं मांस घेऊन टेकडीवर गेले, तर हा झुडपाखाली पालथा.

"हळू, वहिनी," तो पुटपुटला. "मादी करडी असते. लाल फक्त छातीला नि पंखाला." मग वैतागून म्हणाला, "सरक ना, तुझी सावली पडतेय तिच्यावर."