पाया उरलेलं घर

सरका जवळ पोरांनो. ही गोष्ट शिगेझोची. दर्यातली कालवं काढायच्या होडीवरचा माझा जोडीदार. थापा मारणारा माणूस नव्हे.

गेल्या वर्षीची तेरा ऑगस्ट, ओबोनची पहिली सांज. पितर घरी येतात, त्यांना वाट दिसावी म्हणून आपण दारात सणकाड्या पेटवतो. पण आपल्या या सरकारी इमारतीत शिगेझोचं दार चौथ्या मजल्यावर. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आजोबा, इथं काडी ओढलीत तर भोंगा वाजेल. पितरांच्या आधी बंबवाले येतील."

तो हसला. काड्या पिशवीत घातल्या नि खाली जुन्या घराच्या जागी निघाला. बायको तोकिए बरोबर होतीच. तिला एकटं ठेवण्याची सोय राहिली नव्हती.

त्सुनामीत घर गेलं, शिगेझोची आई गेली. तेव्हा तोकिए धड होती हो. छावणीत सगळ्यांचा भात तीच रांधायची. विसरणं मागाहून आलं, कितीतरी वर्षांनी, सावकाश. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले, वय आहेच, पण तो धक्का, घर सुटणं, माणसं पांगणं, हे आतून पोखरत राहतं. गेल्या वर्षापावेतो नवऱ्यालाही ओळखेनाशी झाली. एकच धोशा, "घरी चला." शिगेझोला वाटलं, जागा दाखवली तर त्या जागेबरोबर मीही आठवेन.

तिथं पाया तेवढा उरलाय, गवतात. त्यानं काड्या पेटवल्या. तोकिए पुढं झाली. पूर्वी जिथं दार होतं, बरोबर तिथंच चपला काढल्या. वाकून म्हणाली, "आले हो, आई."

मग बोलत बसली. मध्येच थांबायची... ऐकायची... हसायची.

"तोकिए, चल. अंधार पडला."

तिनं वर पाहिलं. परक्या माणसाकडं बघावं तसं.

"आमचे मालक दर्यावर गेलेत. बसा आपण. पण बूट काढा आधी, आई रागावतात."

काय करणार? त्यानं गमबूट काढले, तिच्या चपलांशेजारी ठेवले. गवतातून आत गेला. टेकला.

काड्या विझल्या. वारा पडला.

तोकिए परत ऐकू लागली. कान देऊन... बराच वेळ. मग तिचं तोंड उतरलं. लहान पोरीला कुणी दटावावं तसं.

"काय झालं गं?"

"आई म्हणतात..."

"काय म्हणतात?"

"...निघा आता."

त्यानं हात धरला. तिनं धरू दिला. कुणाचा हात, ते तिला ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही बघताच तिला, खिडकीशी असते. "घरी चला" म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. तेवढं एक घर उरलं होतं डोक्यात...

आणि एक. शिगेझो हे एकदाच बोलला, परत विचारलं तर उठून गेला.

आत जाताना दोघांनी पादत्राणं घराकडं तोंड करून काढली होती. बाहेर आले तर दोन्ही जोड रस्त्याकडं फिरवलेले. टाचेला टाच लावून, नीट. आपल्यात घरचा माणूस स्वतःचे जोडे स्वतः फिरवतो. पाहुण्याचे तेवढे घरची बाई फिरवून ठेवते.