टॅपेट कव्हरचं पॅकिंग

नीलम दुकानात शिरली तेव्हा तिचे दोन्ही हात तेलानं काळे झाले होते, कपाळावर एक पट्टा उमटला होता आणि ओढणी कमरेला खोचलेली होती. अशा अवतारात कुणी प्रेमात पडायला घराबाहेर पडत नाही. तीही पडली नव्हती. ती आली होती गाडीसाठी.

"भाऊ, टॅपेट कव्हरचं पॅकिंग द्या!"

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात प्रीतम नऊ वर्षं काउंटर सांभाळत होता. मुली यायच्या त्या स्कूटीचा आरसा न्यायला. इंजिनाचं पॅकिंग मागणारी ही पहिलीच. त्यानं मान वर केली... आणि ती खाली घालायचं विसरला.

"मिस्त्री नाई आले?"

"मीच मिस्त्री."

"बाप्पा!" तो हसला. गालाला खळी पडली. नीलमनं ती पाहिली, आणि पाहिली नाही असं दाखवलं.

गाडी होती पंचवीस वर्षांची, पांढरी, चार दरवाजांची. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली जे पॅकिंग असतं ते वाळून तडकलं होतं. तेल झिरपायचं, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडायचं आणि बोनेटमधून धूर निघायचा. येत्या सोमवारी नीलमला अकोल्यात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. गावोगावच्या शेतांतून मातीचे नमुने गोळा करायचे; स्वतःची चारचाकी असेल तरच नोकरी. आणि तिचे बाबा धर्मपाल, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्यांनी एकच अट घातली होती. "तुया हातानं गळती बंद झाली तर गाडी ने. आडरानात बंद पडली तर कोणाले बोलावशील? जमत नसन तर नोकरी राहू दे." आज बुधवार होता.

यातलं एक अक्षर प्रीतमला माहीत नव्हतं.

"रबरी देऊ का कॉर्कचं?"

"तुमी कोणतं लावसान?"

"रबरी. कॉर्क आपल्या उन्हाळ्यात टिकत नाई." त्यानं मागच्या फळीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "पण या गाडीत दोन तऱ्हेची झाकणं येतात. जुनं पॅकिंग नमुन्याले पायजे. उद्या आणता?"

नमुना मागणं ही या धंद्यातली रीतच. नीलमला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी तिनं तुकडे कागदात बांधून आणले. प्रीतमनं ते काउंटरवर मांडले, आणि एकमेकांची नावं विचारत दोघं वाकून जोडत बसली. हा इकडचा, तो तिकडचा... एका तुकड्यासाठी दोघांचे हात एकदमच पुढे गेले आणि बोटांना बोटं लागली. कुणीच पटकन मागं घेतली नाहीत.

"राहता कुठं?"

"फ्रेझरपुऱ्यात. पॅकिंगले पत्ताबी लागते का?"

"नाई, पण... इंजिन नंबर लागते. उद्या?"

"उद्या," ती म्हणाली. आज तिनं एकदाही त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. परतताना हे तिच्या ध्यानात आलं आणि भर रस्त्यात ती एकटीच हसली.

आता खरं सांगायचं तर इंजिन नंबर फोनवरही सांगता आला असता. दुकानाच्या पाटीवर मोबाइल नंबर वितीएवढ्या अक्षरांत रंगवलेला होता आणि नीलमला तो पाठही झाला होता. पण शुक्रवारी ती पिवळा कुर्ता घालून, तोंड धुऊन, स्वतः गेली. इंजिन नंबर तळहातावर लिहिलेला.

तिनं हात पुढे केला. प्रीतमनं हाताकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मागच्या फळीवरून एक डबी काढली आणि समोर ठेवली.

"नंबर तर वाचलाच नाई तुमी!"

त्याचे कान लाल झाले.

"वाचायची गरज नवती. कोणतं लागते ते... बुधवारीच माहीत होतं. तुमी पुन्हा याव्या म्हणून—"

एक क्षण... एकच क्षण, तिला ते गोड वाटलं. दुसऱ्या क्षणी तिला सोमवार आठवला आणि तिचा पारा चढला.

"तुमाले गंमत सुचून राहिली! सोमवारी मले गाडी घेऊन अकोल्याले हजर व्हायचं आहे. गाडी मीच दुरुस्त करायची, नाई तर नोकरी गेली. माये दोन दिवस खाल्ले तुमी, प्रीतमभाऊ!"

तो 'भाऊ' तिनं असा आपटला की प्रीतमच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. डबी उचलून ती तरातरा निघून गेली.

शनिवारी तिनं अंगणात बोनेट उघडलं. जुन्या पॅकिंगचा चिकटलेला थर खरवडून काढला, नवं बसवलं, झाकण ठेवलं आणि एकेक बोल्ट कसायला घेतला. प्रत्येक बोल्टला तिला प्रीतम आठवत होता. नंबर वाचायची गरज नवती म्हणे! पाना करकरला. पुन्हा याव्या म्हणे! आणखी अर्धा आटा.

इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांत तोच धूर, तोच वास. झाकण काढून पाहिलं तर पॅकिंग दाबून दाबून एका बाजूनं बाहेर आलं होतं आणि फाटलं होतं. धर्मपाल खाटेवरून बघत होते. दुसरं पॅकिंग आणायचं म्हणजे पुन्हा त्याच काउंटरवर जायचं, आणि रविवारी तर दुकान बंद. ती मडगार्डला टेकून रडली, अगदी हमसून.

रविवारी सकाळी फाटकाशी कुणीतरी खाकरलं. प्रीतम! हातात तसलीच एक डबी.

"घर कसं सापडलं?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"फ्रेझरपुऱ्यात विचारलं, इंजिन खोलणारी पोरगी कुठं राहते. लहान लेकरानंबी दाखवलं."

"न् हे दुसरं पॅकिंग कावून?"

"रागात गेल्या होत्या तुमी. रागात माणूस जास्त कसते."

नीलमला हसू आलं आणि तिनं ते मोठ्या मुश्किलीनं दाबलं. प्रीतम मात्र सरळ धर्मपालांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, मायामुळं हिचे दोन दिवस वाया गेले. चूक माई आहे. बसवायचं कसं ते सांगू द्या, तेवढंच."

धर्मपालांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सांग. पण गाडीले हात लावायचा नाई."

प्रीतमनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"झाकणाची खाच कोरडी करा. अजून... त्या कोपऱ्यात तेल आहे. हां. आता पॅकिंग बोटानं दाबत न्या, घाई नका करू." त्याचा आवाज अगदी तिच्या कानाशी होता. "गोंद नाई, फक्त त्या कोपऱ्यात टिकलीएवढा. आता बोल्ट. मधातून सुरू करा, मंग समोरासमोरचे. थोडा हा, थोडा तो. पाना मुठीत नाई, बोटांत धरा."

"एवढ्यानं काय होते? सैल राहीन!"

"नाई राहत. बस आता."

"अजून एक आटा—"

"नीलम, बस म्हटलं ना!"

तिनं चमकून वर पाहिलं. तोही थबकला होता. तिच्या नाकावर तेल होतं, त्याच्या कपाळावर घाम, आणि दोघांच्या मध्ये एक पाना. तिनं तो हळूच खाली ठेवला.

मग ती बाबांना शेजारी बसवून बडनेऱ्यापर्यंत गेली आणि आली. परतल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. पंधरा मिनिटं. वीस. अर्धा तास! नीलमनं जमिनीवर पोट टेकवून कागद ओढला. कोरडा, खडखडीत कोरडा! एक थेंब नाही, धूर नाही, वास नाही. ती ओरडलीच. तिची आई ललिताबाई पिठाच्या हातांनी बाहेर धावत आल्या आणि लेकीला मिठीत घेतलं.

"सकाळी सातले निघजो," धर्मपाल म्हणाले. मग ते वर्तमानपत्र घेऊन खाटेवर जाऊन बसले.

प्रीतम फाटकाशी गेला होता. नीलम धावत त्याच्यामागं गेली.

"न सांगता चालले?"

"काम झालं ना." तो चपलेनं माती उकरत होता. "तू अकोल्याले गेल्यावर मी दुकानात कोणाले उशीर करू?... मले तू आवडते, नीलम. सीधं बुधवारीच सांगाले पायजे होतं."

नीलमचं काळीज असं उडायला लागलं की तिला वाटलं, आता हे अंगणभर ऐकू जाणार.

"मीबी कुठं सीधी आहो? नंबर फोनवर सांगता आला असता मले. तरी आली. पिवळा कुर्ता घालून आली! मलेबी तू आवडतो. लय आवडतो."

तो बघतच राहिला. खळी पडली, गेली, पुन्हा पडली.

"शनिवारी येशील?"

"दर शनिवारी."

"पोरा!" खाटेवरून धर्मपालांचा आवाज आला. वर्तमानपत्र त्यांनी तोंडासमोर धरलं होतं, पण त्याचं एकही पान उलटलं नव्हतं. "शनिवारची भाकर मंग इकडंच खाजो."