अंगठ्याशेजारचं बोट

तो दारात आला तेव्हा त्याची एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात.

"हे पायाचं दुकान ना? खाली भाजीवाल्याने सांगितलं," तो धापा टाकत म्हणाला. "अंगठा तुटलाय हो... शिवून मिळेल का?"

क्षितिजा टॉवेल घेऊन पुढे धावली. ती त्याच्या पायाकडे बघत राहिली. अंगठा तर चांगला धडधाकट! मग हातातल्या चपलेचा लोंबणारा अंगठा दिसला आणि तिला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की हातातला टॉवेल खाली पडला.

"इथे पाय दुरुस्त होतात, चपला नाही," ती कशीबशी म्हणाली. "बोर्ड वाचला नाहीत का?"

आता बोर्ड वाचून तरी काय कळणार होतं? २००६ साली भाईंदरच्या खारीगाव नाक्यावर 'रिफ्लेक्सॉलॉजी' हा शब्द वाचता वाचताच माणूस पुढच्या दुकानापर्यंत पोचायचा. मालकीण हंसाबेनच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत दोन आरामखुर्च्या होत्या, एक बुटकं स्टूल होतं, आणि भिंतीवर दोन तळव्यांचा मोठा रंगीत नकाशा. अंगठ्यावर डोकं, मधल्या खळग्यात पोट, डाव्या तळव्यावर हृदय. क्षितिजा गेली सहा वर्षं त्या स्टुलावर बसून लोकांचे तळवे दाबत होती.

तो नकाशा बघतच राहिला. "म्हणजे अंगठा म्हणजे डोकं?"

"हो."

"मग बरोबर आहे. माझं डोकंच तुटलंय."

त्याचं नाव जितेंद्र. मालाडला एका मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात कामाला. दिवसभर कानात लोकांच्या शिव्या आणि तोंडात "सॉरी सर, सॉरी मॅडम". डोकं ठणकायचं, झोप उडालेली, डॉक्टरांच्या गोळ्या चालू.

"गोळ्या बंद करायच्या नाहीत हां," क्षितिजाने बजावलं. "डॉक्टर त्यांचं काम करतील, आम्ही फक्त सोबतीला. सहा सिटिंगमध्ये जरा हलकं वाटेल."

पण पहिल्याच सिटिंगला पंचाईत झाली. तिने पायाला हात लावला रे लावला, याने पाय मागे घेतला, वाकून तिच्या हाताला बोटं लावली आणि छातीशी नेली. "सॉरी! पाय लागला."

"अहो, पाय लागायलाच तर आलाय तुम्ही!"

तरी अर्ध्या तासात त्याने अकरा वेळा नमस्कार केला. तिने मोजले.

मग दर बुधवारी आणि शनिवारी, पाचच्या ठोक्याला, जिन्यात त्याची पावलं वाजायला लागली. शिवलेल्या चपलेचा पाय तो जरा जपून टाकायचा, त्यामुळे एक पाऊल जोरात आणि एक हळू. रविवार, सोमवार, मंगळवार... क्षितिजाचे हात दुसऱ्यांच्या पायांवर असायचे आणि कान जिन्याकडे. कशाला लपवायचं, तिला तो आवडला होता. वेड्यासारखा आवडला होता.

सहाव्या सिटिंगपर्यंत त्याच्या तळव्यातल्या दुखऱ्या गाठी तिच्या बोटांना लागेनाशा झाल्या. पण तो मात्र अजून कळवळायचा. एकदा तर...

"आई गं!"

"अहो, मी अजून दाबलंच नाही."

तो लाल झाला. "...आधीच सांगून ठेवलं."

आता खरं तर कोर्स संपल्याचं सांगायला हवं होतं. क्षितिजाने त्याच्या कार्डावर लिहिलं, 'अजून चार'. कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या हंसाबेन बशीतूनच पुटपुटल्या, "आ भाईना पग तो क्यारना सारा थई गया." त्याचे पाय कधीचेच बरे झालेत, हे गुजराती भाईंदरमध्ये कोणाला कळत नाही? पण दोघांनाही ते त्या दिवशी अजिबात कळलं नाही.

नवव्या सिटिंगला तो एकदाही कळवळला नाही. शेवटी म्हणाला, "आमचा विभाग पुण्याला हलवतायत. सोमवारी हजर व्हायचंय."

तिचे हात थांबले. आता बोलेल, आता बोलेल... ती वाट बघत राहिली. त्याने ओठ उघडले.

"सॉरी," तो म्हणाला.

"सॉरी कसलं? कशाबद्दल?" ती एवढी भडकली, की स्वतःच दचकली.

शनिवारी पाच वाजले, साडेपाच, सहा. दहावं सिटिंग बाकी होतं आणि तो आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. क्षितिजा रोज त्याचा टॉवेल घडी करून ठेवायची आणि रोज स्वतःवर चिडायची. अगं, नऊ वेळा पाय हातात होते, एकदा तोंड उघडलं असतंस तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या शनिवारी जिन्यात एक पाऊल जोरात वाजलं आणि एक हळू.

"एक सिटिंग राहिलंय," जितेंद्र दारात उभा राहून म्हणाला.

"बसा," ती कोरडेपणाने म्हणाली. त्याचा घडी केलेला टॉवेल मात्र हाताशीच होता.

तो बसला, पण स्टुलावर. "तुम्ही बसा खुर्चीत."

"हे काय भलतंच!"

"सहा वर्षं तुम्ही सगळ्यांचे पाय दाबताय. तुमचे कधी कोणी दाबलेत?"

कोणीच नाही. ती गुपचूप बसली. त्याने तिचं पाऊल हातात घेतलं मात्र, ती झटकन वाकली, त्याच्या हाताला बोटं लावली आणि छातीशी नेली. "सॉरी..."

"आता तुम्ही सुरू केलंत?" तो हसला. मग त्याचा आवाज हळू झाला. "आजवर जगाच्या तक्रारी ऐकल्या, आज माझी एक लिहून घ्या. पुण्यात झोप लागते, डोकं दुखत नाही, सगळं ठीक आहे. फक्त... तिथे तुम्ही नाही."

कोपऱ्यातल्या हंसाबेन कप उचलून आत गेल्या.

"घरी सांगून आलोय," तो म्हणाला. त्याने तिचा अंगठा धरला. "हे डोकं. आणि हे शेजारचं बोट?"

"डोळे," ती पुटपुटली.

"जोडवी याच बोटात घालतात ना?"

"...माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे. परवानगी मागतोय."

क्षितिजाला खूप काही बोलायचं होतं. तीन आठवड्यांचा राग, वाट बघणं, सगळं. पण त्याने त्या बोटाकडे हात नेला, तिने पाऊल आणखी पुढे केलं आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आई गं!"

"अहो, मी अजून दाबलंच नाही."

"...आधीच सांगून ठेवलं."