माझे किती झाले?

आधी चेंडू आला आणि त्याच्यामागून सव्वासहा फुटांचा माणूस आला. दोघेही थेट हिल्डी ब्राख्टच्या टेबलावर. चेंडू उसळून प्रेक्षकांत गेला. माणूस मात्र तिथेच राहिला — पोटावर आडवा, एक हात शाईच्या दौतीत आणि नाक स्कोअरच्या वहीपासून चार बोटांवर.

"माफ करा हं," तो म्हणाला. "थांबायचं राहूनच गेलं."

हिल्डीने आधी वही पाहिली, मग आपली पांढरी कॉलर पाहिली आणि सगळ्यात शेवटी त्याला पाहिलं. कॉलरवर निळे ठिपके उडाले होते. त्याचे डोळे करडे होते... पण ते तिच्या नंतर लक्षात आलं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

"उठा," ती म्हणाली. "तुमच्या कोपराखाली अख्खा पहिला हाफ आहे."

"जिंकतोय का आपण?"

"उठलात तर कळेल."

शेजारी तिचे वडील, ऑगस्ट ब्राख्ट, हातात घड्याळ आणि टेबलावर नुसत्या आवाजाचं पिस्तूल घेऊन बसले होते. खेळाची वेळ संपली की ते छताकडे तोंड करून बार उडवत. आता त्यांनी फक्त खाकरून दाखवलं, आणि तो माणूस ताडकन उठून पळाला. आठ नंबर. वेंडेल प्रूट. इंडियानातल्या मक्याच्या शेतांतून गेल्याच आठवड्यात आलेला नवा गडी.

ही गोष्ट १९४८च्या नोव्हेंबरातली. हार्टमन बे गावाला मिशिगन सरोवराचा वारा होता, खुर्च्यांचा कारखाना होता, आणि कारखान्याची स्वतःची व्यावसायिक बास्केटबॉल टीम होती — चेअरमेकर्स. हरले की बाहेरगावची वर्तमानपत्रं 'खुर्चीवाले बसले' असं छापत आणि गाव आठवडाभर धुमसत राही. खेळाडू दिवसा खुर्च्यांचे पाय घासत आणि संध्याकाळी त्याच हातांनी चेंडू खेळवत. दर सामन्याला जुन्या शस्त्रागाराचा तो हॉल भरायचा. ओल्या लोकरीच्या कोटांचा आणि भाजलेल्या सॉसेजचा वास छतापर्यंत जायचा.

हिल्डी कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. आधीच्या वहीवाल्या मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा बापाच्या शब्दावर तिला टेबलावर बसवलं. अख्ख्या लीगमध्ये टेबलावर बाई कुठेच नव्हती. तेव्हा ती चुकते कधी, याकडे अर्धं गाव डोळे लावून होतं. बापाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खेळाडूंशी बोलायचं नाही. फाउल किती झाले विचारतील, तेवढं सांगायचं. पाच झाले की गडी बाद. बस्स."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीत एक भलंमोठं डोकं वाकलं. हातात शाईची बाटली होती.

"भरपाई," वेंडेल म्हणाला.

"ही काळी आहे. सांडली ती निळी होती."

"मग परत आणतो."

"राहू दे. काळीही चालते."

"नाही, नाही. निळी म्हणजे निळीच." तो गंभीरपणे म्हणाला. "उद्या येईन."

आणि तो खरंच आला. परवाही आला — टाक घेऊन. तेरवा टीपकागद घेऊन आला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हातारी एड्ना म्हणाली, "अगं, आता लग्नाचं रजिस्टरच आणेल हा." हिल्डीने टंकयंत्र इतक्या जोरात बडवलं की कागद फाटला.

सामन्यात मात्र ती दगडाची होती. शिट्टी वाजली की ज्याने फाउल केला त्याने स्वतःच हात वर करायचा, ही तिथली रीत. वाद घालायचा तो नंतर, आधी हात वर. टेबलाला कळायला हवं कुणाच्या नावावर लिहायचं ते. कुणी कमरेपर्यंत हात न्यायचा, कुणी कानापर्यंत. वेंडेलचा हात सरळ छताकडे जाई. आणि मग टेबलाजवळून धावताना तो विचारी, "माझे किती झाले?"

"दोन."

"एवढेच?"

ऑगस्ट ब्राख्ट खाकरत.

पुढच्या सामन्यात एकही फाउल झालेला नसताना त्याने विचारलं, "माझे किती झाले?"

"शून्य. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमच्या तोंडून ऐकलं की खात्री होते."

नियमात बसणारी तेवढीच भाषा होती त्यांची, आणि तेवढ्यात दोघांनी डिसेंबर आणि जानेवारी काढले. फेब्रुवारीत 'तुम्ही'चं 'तू' झालं, गावात दर शुक्रवारी होणाऱ्या तळलेल्या माशांच्या जेवणावळीत. कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. समोरच्याने फाउल केला की मिळणारा मोकळा चेंडू तो रेषेवरून दोन्ही हातांनी खालून, पाळणा हलवावा तसा टाकायचा, बाकीचे हसायचे. "आईने शिकवलंय," तो तिला म्हणाला. "आईला हसणाऱ्यांना हसू देत. चेंडू तर आत जातो ना?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ते गोठलेल्या बंदराच्या कडेने चालत होते. पायांखाली बर्फ करकरत होता. वेंडेल आज विनोद करत नव्हता.

"दोन लीग एक होणार म्हणतात," तो म्हणाला. "मोठ्या शहरांची आणि आपली. छोट्या गावांतली पहिली चारच घेणार. बाकीच्या टीमना कुलूप."

"आपण पाचवे आहोत," हिल्डी म्हणाली. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार!

"चौथे आहेत त्यांच्याशीच शेवटचा सामना आहे. जिंकलो तर मी इथे. हरलो तर..." त्याने टोपी खाली ओढली. "डेन्व्हरची टीम मला बोलावतेय."

"डेन्व्हर लांब आहे."

"हो. मी नकाशा पाहिला."

तो इथे राहायला हवा होता तिला. मनात दुसरं काही नव्हतंच. पण तसं म्हणायची रीत तिला कुणी शिकवली नव्हती.

शेवटचा सामना मार्चमधल्या एका रविवारी दुपारी झाला. बाहेर बर्फमिश्रित पाऊस सपासप खिडक्यांवर आपटत होता. पाहुण्यांचा वहीवाला वाटेत गाडी अडकून राहिला. तो आलाच नाही. यजमानांची वही हीच खरी, असा नियमच होता. म्हणजे त्या दिवशी जे काही खरं होतं, ते फक्त हिल्डीच्या टाकाखाली होतं.

पहिल्या हाफच्या शेवटी एका पाहुण्याच्या मुठीत वेंडेलची जर्सी आली आणि खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली. मध्यंतरानंतर तो जादा जर्सी घालून टेबलापाशी आला. नंबर वीस.

"ओळख पटते का, बाईसाहेब?" तो वाकून म्हणाला. "मी नवीन आलोय. वागायला बरा आहे म्हणतात."

हिल्डीला हसू आवरेना. नंबर बदलला की वहीत नवी ओळ काढायची आणि जुन्या नंबरावरचे फाउल तिथे उतरवायचे. ओठ चावत तिने ओळ आखली, नाव लिहिलं, फाउलच्या रकान्यात रेघ ओढली. वर पाहिलं, तेव्हा वेंडेल त्या पानाकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं — कसंतरीच — आणि मैदानात गेला. आज याला दडपण आलंय, तिला वाटलं.

तीन मिनिटं उरली तेव्हा चेअरमेकर्स तीन गुणांनी पुढे होते. हॉलमध्ये कुणी बसलेलं नव्हतं. शिट्टी वाजली. वेंडेलचा हात वर गेला, पण आज खांद्यापर्यंतच. तो टेबलाजवळ आला. धावत नाही, चालत.

"माझे किती झाले?"

"चार," हिल्डी म्हणाली.

गडी वाचला की त्याचा चेहरा उजळतो. याचा विझला. तो मान खाली घालून परत फिरला, आणि असं का, ते हिल्डीला कळेना. तिने पान पाहिलं. वीस नंबरच्या ओळीत चार रेघा. वर आठ नंबरच्या ओळीत... दोन. उतरवली होती एकच. हसता हसता तिने एकच रेघ ओढली होती.

पाच झाले होते.

कुणालाही ठाऊक नव्हतं. खाली शाई होती, वर तिचा हात होता, आणि हात जरा तसाच ठेवला असता तर गाव जिंकलं असतं, टीम राहिली असती, तो राहिला असता. डेन्व्हर नकाशात जिथे होतं तिथेच राहिलं असतं. पण मग त्या माणसाच्या हातावर हात ठेवताना दर वेळी ती एक रेघ मध्ये आली असती.

हिल्डीने टेबलावरचा भोंगा दाबला.

खेळ थांबला. पंच धावत आले. ती उभी राहिली.

"वीस नंबर. प्रूट," ती म्हणाली. "पाच झाले. पहिल्या हाफमधला एक उतरवायचा राहिला. चूक माझी आहे."

आणि आपला उजवा हात केव्हा वर गेला, ते तिलाच कळलं नाही. सरळ, छताकडे. दोन हजार माणसांच्या हॉलमध्ये टेबलावरच्या माणसाने हात वर केलेला कुणी कधी पाहिला नव्हता. काही क्षण नुसता पाऊस ऐकू आला. मग ओरडा सुरू झाला. तो चांगला नव्हता.

वेंडेल बाकाकडे चालत गेला, आणि तो हसत होता. वेड्यासारखा हसत होता.

चेअरमेकर्स एका गुणाने हरले. ऑगस्ट ब्राख्टनी बार उडवला. खाटकाची बायको जाता जाता टेबलाशी थांबून म्हणाली, "आपल्याच माणसाला बाद केलंस ना गं? झालं समाधान?" हिल्डीने मान वर केली नाही. बापाने पिस्तूल पेटीत ठेवलं, घड्याळ खिशात टाकलं आणि कोट चढवला.

"भोंगा वेळेवर वाजला," ते म्हणाले. आणि त्या घरात याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

हॉल रिकामा झाल्यावर वेंडेल येऊन टेबलाच्या कडेवर बसला.

"तुला ठाऊक होतं," हिल्डी म्हणाली.

"माझे मी मोजतो. मध्यंतरालाच पाहिलं, एकच रेघ. मला वाटलं... तू माझ्यासाठी केलंस."

तिने वही धाडकन मिटली. "म्हणजे तू मला लबाड समजलास?"

"अर्धा तास."

"अर्धा तास!"

"आणि त्या अर्ध्या तासात मी किती वाईट खेळलो, ते तुझ्याच वहीत आहे." "आधी आनंद झाला, हिल्डी. मग त्या आनंदाची लाज वाटली. तू डोळ्यांत बघून 'चार' म्हणालीस, तेव्हा वाटलं, संपलं सगळं. आणि मग भोंगा वाजला."

"आणि आता खरंच संपलं सगळं."

"हो," तो म्हणाला. आणि पुढे जे म्हणायचं होतं ते म्हणाला नाही. त्याने टोपी फिरवली, छताकडे पाहिलं. "अजून दोन-तीन वर्षं पाय चालतील माझे."

"मग जा," हिल्डी म्हणाली. "पाय आहेत तोवर खेळ."

दोघंही शहाण्यासारखं वागले, आणि शहाणपणाचं फळ म्हणून एप्रिलात तो गेला. हॉलच्या दाराला कुलूप लागलं. उन्हाळाभर एक ओळ नाही. हिल्डी कचेरीत टंकयंत्र बडवायची, आणि एड्ना तिला काही बोलायची नाही, हेच जास्त लागायचं.

नोव्हेंबरात एक पोस्टकार्ड आलं. पुढे बर्फाचे डोंगर, मागे एकच शब्द: 'तीन.'

तिला उभ्या उभ्या हसू आलं आणि रडूही. आठवड्याने दुसरं: 'दोन. इथला वहीवाला टकला आहे.' मग 'चार.' मग 'पाच. भोंगा ऐकला की इकडेतिकडे बघतो.' नाताळात तिनेही एक धाडलं: 'हात पूर्ण वर जातो का?' उत्तर आलं: 'पंच म्हणतात, दिवा बदलतोस का रे?'

फेब्रुवारीच्या मध्यावर आलेलं कार्ड मात्र वेगळं होतं. 'शून्य. खेळलो नाही, सोडून दिलं. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय.'

गुरुवारी रुळांवर राखाडी चिखल होता आणि सरोवरावरून बोचरा वारा येत होता. हिल्डी निळे ठिपके असलेली कॉलर घालून फलाटावर उभी होती. गाडी आली. माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, एक शेळी उतरली. मग शेवटच्या डब्यातून वाकून, डोकं सांभाळत तो उतरला.

त्याने हाक मारली नाही. बॅग खाली ठेवली, आणि भर गर्दीत, सगळ्या टोप्यांच्या वर, उजवा हात सरळ आभाळाकडे केला.

हिल्डी त्याच्यासमोर येऊन थांबली. "कसला फाउल?"

"गेलो तो," वेंडेल म्हणाला. "त्या दिवशी टेबलावर म्हणायचं होतं, तुझ्याशिवाय मला करमणार नाही. आणि बोललो पायांबद्दल."

"पायांना काय झालं?"

"पाय अजून बरे आहेत. बाकीचं काही चालेना." त्याचा हात अजून वरच होता. "तुझ्या बाबांनी कारखान्यात विचारून ठेवलंय. खुर्च्यांचे पाय घासायला माणूस हवाय."

"बाबांनी?"

"त्यांनाही पोस्टकार्ड पाठवत होतो. ते उत्तरात फक्त वेळ लिहायचे, गाडीची."

हिल्डीचे डोळे भरून आले. "माझाही एक आहे," ती म्हणाली. "'जा' म्हणाले तो. खोटं होतं ते."

"मग तूही हात वर कर."

ती टाचा उंचावून उभी राहिली. हात वर नेला, त्याच्या हातापर्यंत, तो धरला आणि खाली आणला. आणि मग सोडला नाही.