लेस बांधेपर्यंत

वादळात आसरा घ्यायला साऱ्या बाजारपेठेत तिला एकच दुकान सापडलं, तेही काचेचं!

छातीशी केकचा खोका घट्ट धरून ती अर्ध्या ओढलेल्या शटरखालून आत घुसली आणि समोर बघते तर काय… चारी भिंतींना आरसे, आणि प्रत्येक आरशात तीच. ओलीचिंब, पिंजारलेल्या केसांची, घाबरलेली.

"दुकान बंद आहे," कुठूनतरी आवाज आला.

"मला काही घ्यायचं नाहीये हो!"

"बरं झालं. संध्याकाळपर्यंत विकण्यासारखं काही उरेल असं वाटत नाही."

एका उंच आरशामागून तो बाहेर आला. हातात जाड कातडी मोजे, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर हसू आहे की काळजी, ते काही कळेना. त्याने तिच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"केकवाली ना तुम्ही? कोपऱ्यावरच्या बेकरीतली? तुमचं शोकेस मीच बसवलं."

"हो का?" तिला आठवेना. नंतर एकदम आठवलं. काच पुसता पुसता पलीकडून कुणीतरी हसलं होतं खरं. तिला वाटलं होतं, केककडे बघून हसला.

बाहेर काहीतरी धाडकन पडलं. त्याने सरळ तिचा दंड धरला.

"इथे उभ्या राहू नका. आत चला, जिन्याखाली. तिथे एकही काच नाही."

जिन्याखालची ती खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. काचा गुंडाळायच्या जाड घोंगड्यांचा ढीग, पाण्याची भरलेली बादली, टॉर्च आणि खरखरणारा जुना रेडिओ. त्याने एक घोंगडं तिच्या डोक्यावरून पांघरलं, एक स्वतःवर घेतलं, आणि दार लावून भिंतीला पाठ टेकून बसला.

"वादळ संध्याकाळी येणार म्हणाले होते," ती कुरकुरली. "एवढा एकच केक पोचवून घरी जाणार होते मी."

"वादळाला कुणी वेळ कळवली नसेल."

तिला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. घरी आप्पा एकटे. दुखऱ्या गुडघ्याचे, हट्टी. निघताना तिने दहादा बजावलं होतं, खिडकीत बसू नका, वारा सुटला की न्हाणीघरात जा. पण ते ऐकतील तर ना! आणि फोन तर केव्हाच मुका झाला होता.

"घरी कोण आहे?" त्याने विचारलं. जणू तिचं मन ऐकू आलं होतं त्याला.

"वडील. मागच्या गल्लीत राहतो आम्ही. जवळच आहे अगदी, पण…"

"पण आज लांब आहे," तो हळूच म्हणाला.

वाऱ्याने शटर असं काही हलवलं, की दोघंही दचकून एकमेकांकडे सरकली. मग दोघांच्याही ते लक्षात आलं, पण मागे मात्र कुणीच सरकलं नाही. छातीत धडधडत होतं. ते वादळामुळे, की या खांद्याला लागलेल्या खांद्यामुळे? तिला काही ठरवता येईना.

त्याने टॉर्चचा झोत खोक्यावर टाकला. झाकण चेपून उघडलं होतं. आत केकवर गुलाबी अक्षरांत लिहिलेलं त्याने मोठ्याने वाचलं, "अजूनही तूच."

"गिऱ्हाइकाचं आहे ते!" ती घाईघाईने म्हणाली. "लग्नाच्या वाढदिवसाचं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीत, पण वाचलंत कसं ते!"

"कसं वाचलं?"

काय सांगणार? अंधारात तिचे कान तापले.

आणि मग… एकाएकी सगळं थांबलं. इतकं, की बादलीत कुठूनतरी गळणारा थेंब ऐकू यायला लागला. रेडिओ खरखरला, त्याने कान लावला, तसा रेडिओ दोन शब्द पुटपुटला आणि कायमचा गप्प झाला. तिने मात्र दार ढकललंही होतं. शटरखालून चक्क पिवळं ऊन आत आलं होतं.

"संपलं!" ती म्हणाली. "मी निघते."

"थांबा."

"का?"

"हा वादळाचा मधला भाग आहे. रेडिओवर तेच सांगत होते. शांत वाटलं तरी बाहेर पडू नका म्हणाले. वारा परत येणार, उलट्या बाजूने."

"मला तर नुसती खरखर ऐकू आली."

"मी कान लावला होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ऊन पडलंय, पान हलत नाहीये आणि हा म्हणतो अर्धं वादळ बाकी आहे! खरं बोलतोय, की मला थांबवायला काहीतरी जुळवतोय? आणि थांबवायलाच जुळवत असेल… तर मला राग यायला हवा ना? मग येत का नाही?

"तुम्ही सगळ्यांना असंच थांबवता का हो?" तिने विचारलं.

"आजवर आरसा न घेता कुणी आत आलंच नव्हतं."

"चेष्टा पुरे. माझे आप्पा एकटे आहेत." तिने जाऊन शटरची कडी धरली.

त्याचं हसू मावळलं. त्याने शटरची वाट अडवली नाही. नुसता बाजूला झाला, कोपऱ्यातले बूट ओढले आणि खाली बसला.

"हे काय?"

"तुम्ही निघालात तर मीही येतो. एकटीला नाही सोडणार. फक्त लेस बांधेपर्यंत थांबा."

तिचा पार गोंधळ उडाला. बहाणा करणारा माणूस बूट घालत नाही. पण मग हा म्हणतो ते खरं असेल, तर हा माझ्यासाठी त्या वाऱ्यात जायला निघालाय… शटरच्या कडीवरचा हात तिथेच राहिला. आणि तो लेस बांधतच होता. एक गाठ मारली, सोडली. दुसरी मारली, तीही सोडली.

"किती वेळ!"

"गाठ बसत नाहीये."

ऊन विझलं. दुरून एक घोंघाट आला. मघाच्या नव्हे, अगदी उलट्या बाजूने! त्याने उडी मारून तिला पुन्हा जिन्याखाली ओढलं, दार लावलं, दोघांवर मिळून एकच घोंगडं ओढलं. बाहेर काहीतरी प्रचंड कोसळलं आणि दुकानातले आरसे एकामागोमाग एक फुटत गेले. ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून "आप्पा, आप्पा" म्हणत राहिली आणि तो "न्हाणीघरात असतील, नक्की असतील" म्हणत राहिला.

वारा निवला तरी त्याने लगेच दार उघडलं नाही. धोका टळल्याचा भोंगा वाजला, तेव्हा दोघं बाहेर आली. समोरच्या इमारतीचं पत्र्याचं छप्पर गल्लीच्या तोंडाशी आडवं पडलं होतं. बरोबर तिच्या घराच्या वाटेवर.

तिने एका हाताने केकचा खोका उचलला. दुसऱ्याने त्याचा हात धरला. तुटक्या तारांपासून लांब राहत, लांबच्या वाटेने ती दोघं घरी पोचली.

आप्पा न्हाणीघरात बसले होते. डोक्यावर बादली पालथी, मांडीवर उशी.

"केव्हाची बसवून गेलीस मला!" ते खेकसले. मग बादली वर करून बघितलं. "हा कोण?"

ती रडत होती आणि हसतही होती. "काचवाला आहे, आप्पा."

"खिडकी फुटल्या फुटल्या हजर? धंदा जोरात आहे तुझा!" आप्पांची नजर खोक्यावर गेली. "आणि हे काय? 'अजूनही तूच'? कोण?"

दोघं एकदम वेगवेगळ्या भिंतींकडे बघायला लागली.

त्याने फुटलेल्या खिडकीवर पुठ्ठा ठोकला, सांडलेल्या काचा गोळा केल्या, आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. तो दाराशी गेला. पायरी उतरला. आता हा जाणार. आपण काय म्हणायचं? आभार? पुन्हा या?

"थांबा," ती म्हणाली.

तो वळला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. "आता कशाला? वादळ तर गेलं."

"मघाशी… मुद्दाम हळू बांधत होतात ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काहीच कळत नाहीये. मघापासून." तिने मान खाली घातली. "पण तुमची लेस सुटलीय."

त्याने खाली पाहिलं. दोन्ही बुटांच्या गाठी घट्ट होत्या.

तो तसाच पायरीवर बसला आणि हळूहळू, अगदी सावकाश, त्यातली एक गाठ सोडायला लागला.